निळी पाटी आणि दगडातले गद्य

दिवाळीच्या सुटीत कान्हेरीला जाणारी मंडळी पुष्कळ. आम्हा गोडदेवकरांना तर ते शेजारघरच. भाईंदरला गाडी धरली की तिसरे स्टेशन बोरिवली, आणि पुढे राष्ट्रीय उद्यानाच्या रानातून चढ. वर पोचताच पुरातत्त्व खात्याची निळी पाटी सामोरी येते. वाङ्मय म्हणून ती कुणी वाचीत नाही. मी वाचतो. १९५८ च्या कायद्याने हे स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे ठरले आहे. नासधूस करणारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मजकूर संपला! महत्त्व कशात, हे गुलदस्तात. शाळेची मुले सहलीहून परततात ती दंडाचा आकडा तेवढा पाठ करून.

आता त्याच डोंगरातले दुसरे गद्य पाहा. शंभराहून अधिक लेणी, आणि त्यांत ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले कितीतरी लेख. कुणी कल्याणचा व्यापारी, कुणी सोपाऱ्याचा, कुणी चेमुलचा, म्हणजे आपल्या चौलचा. नाव, गाव, धंदा आणि काय दिले ते. एकाने लेणे दिले, दुसऱ्याने 'पोढी', म्हणजे पाण्याचे टाके. कुणी 'अक्षयनीवी' ठेवली : मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रे व्हायची. विशेषण जवळजवळ नाही. आम्हा कादंबरीकारांनी हेवा करावा असे हे लेखन!

तरी सर्वांत चटका लावणारे लेख नव्वदाव्या लेण्यात आहेत. सन १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत साल, महिना, रोज आणि बापाच्या नावासह आपापली नावे कोरून ठेवली. आजच्या पाटीप्रमाणे हे सारे गुन्हेगार, आणि तीच पाटी आज त्यांच्या अक्षरांना संरक्षण देते! म्हणून खिळ्याने बदाम कोरणाऱ्या आजच्या वीरांना मी माफी देणार नाही. पारशांनी आपण कोण, कुणाची मुले आणि केव्हा आलो, हे पुढच्यासाठी नोंदले. बदामाला ना साल, ना गाव.

कायद्याची भाषा कोरडी असायचीच, तिच्याशी माझे भांडण नाही. वेगळे माहितीफलक असतात, पण त्यांवर बहुधा राजवंश नि शतके. दंडाच्या ओळीखाली, एखाद्या टाक्याजवळ, त्याच टाक्याच्या लेखाचा चार ओळींचा मराठी अनुवाद का नसावा? पावसाळ्यानंतर पाणी तर त्यांत अजून साठते.