नीसच्या टेकडीवरील अब्राहाम

लूर्दच्या यात्रेहून परतताना नीस शहरात एक मोकळा दिवस हाती आला आणि सिमिये टेकडीवरील मार्क शागाल राष्ट्रीय संग्रहालय पाहण्याची जुनी इच्छा पूर्ण झाली. एकाच चित्रकाराला वाहिलेल्या संग्रहालयात बहुधा त्याच्या आयुष्याची वाटचाल कालक्रमाने मांडलेली असते. येथील रचना मात्र एका ग्रंथाभोवती केलेली आहे. तो ग्रंथ म्हणजे बायबल.

शागाल यांचा जन्म १८८७ साली, आजच्या बेलारूसमधील व्हितेब्स्क येथे, एका धर्मनिष्ठ यहुदी कुटुंबात झाला. ‘बायबलचा संदेश’ या नावाने ओळखली जाणारी त्यांची १७ भव्य चित्रे, त्यांपैकी १२ उत्पत्ती व निर्गम या पुस्तकांवरील आणि ५ गीतरत्नावरील, मुळात व्हाँस गावच्या कालवारी प्रार्थनामंदिरासाठी योजिलेली होती. तो बेत सिद्धीस गेला नाही. १९६६ साली शागाल दांपत्याने ती फ्रान्सला अर्पण केली, आंद्रे मालरो यांनी या कल्पनेस बळ दिले आणि ७ जुलै १९७३ रोजी, चित्रकाराच्या ८६व्या वाढदिवशी, संग्रहालयाचे उद्घाटन झाले. कोणते चित्र कोठे लावायचे हे शागाल यांनीच ठरविले; त्यात त्यांनी पवित्र शास्त्रातील क्रम बाजूस ठेवून रंगांच्या परस्परनात्याला मान दिला. त्यामुळे कथा ठाऊक असलेला भाविकही येथे क्षणभर वाट चुकतो आणि मग अधिक लक्षपूर्वक पाहू लागतो.

मी सर्वाधिक वेळ थबकलो तो ‘इसहाकाचे बलिदान’ या चित्रापुढे. खाली लाकडांवर इसहाकाचा पिवळसर देह पसरलेला आहे. सुरी हाती घेतलेला अब्राहाम वर देवदूताकडे पाहत आहे. डावीकडे झाडापाशी मेंढा आहे आणि तेथेच सारा उभी आहे. उजव्या कोपऱ्यात, वर, क्रूस वाहणारा ख्रिस्त दिसतो आणि त्या दृश्यातून ओघळणारा लाल रंग थेट अब्राहामाला माखून टाकतो.

प्रथमदर्शनी मला आनंद झाला, हे कबूल करतो. इसहाक ही ख्रिस्ताच्या बलिदानाची पूर्वछाया होय, हे सेमिनरीत शिकलो आणि पास्काच्या जागरणविधीत उत्पत्तीचा २२वा अध्याय वाचला जाताना वर्षानुवर्षे तेच सांगत आलो. एका यहुदी चित्रकाराने जणू माझ्या प्रवचनावर शिक्कामोर्तब केले होते!

परंतु हा आनंद उतावळा होता. शागाल यांनी १९३८ साली रंगविलेले ‘श्वेत क्रूसारोहण’ हे चित्र, जे आज शिकागो येथे आहे, आठवून पाहावे. त्यात क्रूसावरील येशूच्या कमरेस यहुद्यांची प्रार्थनेची शाल आहे आणि भोवती जळते सभास्थान व जीव घेऊन पळणारी माणसे आहेत. शागाल यांचा ख्रिस्त हा प्रथम छळ सोसणारा यहुदी आहे. तीन वर्षांनी, १९४१ साली, व्हितेब्स्कमधील यहुद्यांची कत्तल झाली. हे ध्यानी घेतले की नीसच्या चित्रातील लाल रंगाचा अर्थ पालटतो. मेंढा मिळाला आणि इसहाक वाचला. पण ज्यांच्यासाठी मेंढा मिळालाच नाही, त्यांचे रक्त अब्राहामावर सांडत आहे. माझ्या प्रवचनांत सुरी नेहमी लगेच म्यान होत असे. साराचा तर मी कधी उच्चारही केला नव्हता. या अध्यायात तिचे नाव नाही, हे खरे. पण ती आई होती.

गीतरत्नाच्या दालनाविषयी माझे मन द्विधा आहे. ही पाचही चित्रे शागाल यांनी पत्नी वाव्हा हिला अर्पण केली आहेत. ख्रिस्त आणि ख्रिस्तसभा यांच्या रूपकाखाली आपण ज्या काव्यातील देहाची ऊब झाकून टाकतो, ती ऊब त्यांनी निःसंकोचपणे परत आणली, हे मोठेच काम होय. तथापि सर्वत्र तोच गुलाबी-तांबडा रंग, तेच तरंगणारे प्रेमिक, तेच पंखांचे घोडे पाहताना माधुर्याचा अतिरेक जाणवतो. अब्राहामापुढे हा चित्रकार स्वतःशी झुंजतो. येथे तो स्वतःची पुनरुक्ती करतो.

येथे वेदी नाही आणि मेणबत्तीही नाही. ही चित्रे प्रार्थनामंदिरात असती तर, असे प्रथम वाटले. परंतु मग ती आपली झाली असती, आणि आपल्या वस्तूंकडे आपण फारसे निरखून पाहत नाही. परक्याच्या घरी उभे राहावे लागल्यामुळेच मला आपल्या पित्याच्या, अब्राहामाच्या, मुखावरील भय दिसले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली यहुदी बांधवांशी असलेल्या आपल्या आध्यात्मिक नात्याचे स्मरण करून दिले होते. तो दस्तऐवज मी अनेकदा वाचला आहे; त्याचा अर्थ मला त्या टेकडीवर उमगू लागला.

पुढील पास्काच्या रात्री तोच अध्याय पुन्हा वाचला जाईल. तेव्हा साराविषयी काही बोलेन म्हणतो.