महाविद्यालय की कामधंदा? : कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणासमोरील एका जुन्या प्रश्नाची चिकित्सा

प्रस्तावना :

अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणाने शालेय शिक्षणानंतर महाविद्यालयात जावे की सरळ कामधंद्याला लागावे, आणि यांपैकी कोणत्या वाटेने त्याच्या पदरात अधिक पडते, हा वाद गुलामगिरी संपुष्टात आल्यानंतरच्या पहिल्या पिढीपासून चालत आलेला आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांचे ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ (१९०१) आणि डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांचे ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ (१९०३) हे या वादाचे दोन मूळ ग्रंथ होत. पुढे राल्फ एलिसन यांच्या ‘इनव्हिजिबल मॅन’ (१९५२) या कादंबरीने आणि डिअर्ड्रे रॉयस्टर यांच्या ‘रेस अँड द इनव्हिजिबल हँड’ (२००३) या समाजशास्त्रीय ग्रंथाने त्याच प्रश्नाला निराळ्या बाजूंनी हात घातला. प्रस्तुत लेखात या चार ग्रंथांच्या आधारे एका गृहीतकाची तपासणी केली आहे. महाविद्यालय परवडते की नाही, हे ठरविताना त्याची तुलना ज्या ‘कामधंद्याशी’ केली जाते, तो कामधंदा या तरुणाला खरोखर खुला असतो, हे ते गृहीतक होय.

मराठी वाचकाला कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस अपरिचित नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने त्याच्या साहित्याची ओळख करून दिली आणि १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडच्या चळवळीवरून घेतले. मात्र हा परिचय मुख्यतः कवितेचा आणि विद्रोहाचा राहिला. त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न मराठीत त्या मानाने कमी आला आहे.

वीटभट्टी आणि पदवी :

वॉशिंग्टन यांचा जन्म गुलामीत झाला. १८८१ साली अलाबामा राज्यात टस्कगी येथे त्यांनी उभारलेल्या संस्थेत विद्यार्थी स्वतः विटा पाडून इमारती बांधत. पहिल्या तीन भट्ट्या फसल्या, तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण ठेवून चौथी भट्टी लावली, हा आत्मचरित्रातील प्रसंग प्रसिद्ध आहे. पुढे परिसरातील गोरे लोकही त्या विटा विकत घेऊ लागले. यावरून वॉशिंग्टन यांनी काढलेला निष्कर्ष असा की, माल चांगला असेल तर गिऱ्हाईक विकणाऱ्याचा रंग पाहत नाही. १८ सप्टेंबर १८९५ रोजी अटलांटा येथील प्रदर्शनात केलेल्या भाषणात त्यांनी याच निष्कर्षाचे धोरण बनविले. हाताचे कौशल्य आधी, राजकीय हक्क आणि उच्च शिक्षण यथावकाश, असे त्या धोरणाचे स्वरूप होते.

ड्युबॉइस यांचा विरोध मूलगामी होता. हार्वर्ड विद्यापीठाची पीएच. डी. मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अभ्यासक. टस्कगीत शिकविणारे शिक्षकसुद्धा कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतूनच येतात, हे त्यांनी नेमके दाखवून दिले. त्यांच्याजवळ आकडेही होते. त्यांच्या पाहणीला उत्तर देणाऱ्या सुमारे तेराशे पदवीधरांपैकी ५३ टक्के शिक्षणक्षेत्रात, १७ टक्के धर्मोपदेशक आणि तितकेच वैद्यकीसारख्या व्यवसायांत असल्याचे ‘सोल्स’मध्ये नमूद आहे. पदवी वाया जात नाही, हे सिद्ध करण्यासाठी ड्युबॉइस हे आकडे देतात. तथापि ते बारकाईने पाहिल्यास दुसरीही गोष्ट लक्षात येते. शाळा, चर्च आणि दवाखाना ही तिन्ही क्षेत्रे प्रायः आपल्याच समाजाची सेवा करणारी आहेत. गोऱ्यांच्या गिरणीत, पेढीत वा कचेरीत या पदवीला मोल मिळाल्याची साक्ष हे आकडे देत नाहीत.

ही साक्ष ड्युबॉइस यांनीच इतरत्र उलट बाजूने दिली आहे. ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ (१८९९) या त्यांच्या पाहणीत पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या एका यांत्रिकी अभियांत्रिकी पदवीधराची नोंद आहे. जाहिरात वाचून, उत्तम गुणवत्तेच्या बळावर त्याला शहरात नोकरी मिळाली. काही तासांतच तो कृष्णवर्णीय असल्याचे ध्यानात आले आणि त्याला काढून टाकण्यात आले. पुढे तो विद्यापीठ क्लबात वाढप्याचे काम करू लागला. ज्यांच्या पंक्तीला तो वाढत होता, त्यांत त्याचे गोरे सहाध्यायी होते.

या एका नोंदीने दोन्ही पक्षांना अडचणीत टाकले आहे. या तरुणाकडे वॉशिंग्टन यांना अभिप्रेत असलेले तांत्रिक कौशल्यही होते आणि ड्युबॉइस यांना अभिप्रेत असलेली पदवीही. दोन्ही असूनही जे झाले ते झाले. गुणाला गिऱ्हाईक मिळतेच, हा विश्वास मात्र दोघांच्या मांडणीच्या मुळाशी कमीअधिक प्रमाणात आहे. ड्युबॉइस यांचा मोठेपणा असा की, स्वतःच्या मांडणीला गैरसोयीचा पुरावाही त्यांनी नोंदवून ठेवला.

सात पत्रे :

एलिसन यांनी हा गुंता कादंबरीत जितका उलगडला आहे, तितका तो दोन्ही वैचारिक ग्रंथांत उलगडलेला नाही. ते स्वतः १९३३ ते १९३६ या काळात टस्कगी येथे संगीताचे विद्यार्थी होते आणि पदवी न घेताच न्यूयॉर्कला गेले. कादंबरीतील अनाम नायकाला महाविद्यालयातून काढून टाकले जाते, तेव्हा अध्यक्ष ब्लेडसो त्याच्या हाती न्यूयॉर्कमधील प्रतिष्ठितांच्या नावे सात मोहोरबंद पत्रे देतात. नायक मोठ्या आशेने दारोदार ती पोहोचवितो. या तरुणाला काम देऊ नये आणि परतीची आशा मात्र जिवंत ठेवावी, असा त्यांचा आशय असल्याचे त्याला सातव्या दारी समजते.

त्यानंतर तो कामधंद्याकडे वळतो, हे समीक्षेत पुरेशा गांभीर्याने घेतले जात नाही. रंगाच्या कारखान्यात त्याला नोकरी लागते. तेथे कामगार संघटनेची बैठक चालू असता तो चुकून आत शिरतो, तर संघटनेचे लोक त्याला संपफोड्या ठरवितात. तळघरात वर्षानुवर्षे राबणारा ब्रॉकवे हा वृद्ध कृष्णवर्णीय कामगार तर त्याला संघटनेचा माणूस समजून अंगावर येतो. अखेर स्फोट होतो आणि नायक रुग्णालयात पोहोचतो. महाविद्यालयाने शिफारशीच्या नावाखाली त्याची वाट अडविली, कारखान्याने संशयाच्या नावाखाली. या प्रकरणांचे प्रतीकात्मक वाचन पुष्कळ झाले आहे. रोजगाराच्या बाजाराचे यथार्थ वर्णन म्हणूनही ती वाचली पाहिजेत.

रॉयस्टर यांचा ‘अदृश्य हात’ :

अर्धशतकानंतर रॉयस्टर यांनी नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. बाल्टिमोरमधील एका व्यावसायिक माध्यमिक शाळेतून (ग्रंथात तिला टोपणनाव आहे) १९८९ ते १९९१ या काळात बाहेर पडलेल्या ५० तरुणांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या. त्यांत २५ कृष्णवर्णीय व २५ गोरे होते. शाळा तीच, शिक्षक तेच, अभ्यासक्रम तोच आणि गुण, हजेरी व वर्तन यांतही सांगण्याजोगा फरक नव्हता. असे असूनही शिकलेल्या धंद्यात शिरकाव, वेतन आणि बेकारीचा काळ या सर्व बाबतींत गोरे तरुण पुढे गेले. कारण शोधताना रॉयस्टर यांना आढळले की, कृष्णवर्णीय मुलांना शिक्षकांनी तोंडभर प्रोत्साहन दिले. ओळखीच्या मालकाकडे शब्द टाकला तो बहुतांशी गोऱ्या मुलांसाठी.

ग्रंथाच्या शीर्षकातील ‘अदृश्य हात’ अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांचा आहे. मराठी वाचकाला त्यासाठी ‘वशिला’ हा शब्द पुरेसा आहे. वर्णापेक्षा वर्गाचे महत्त्व वाढत चालले आहे, या विल्यम ज्युलियस विल्सन यांच्या १९७८ मधील प्रतिपादनाला रॉयस्टर यांनी दिलेले उत्तर लहानशा नमुन्यावर आधारलेले असले, तरी तुलनेची रचना इतकी काटेकोर आहे की ते सहज झटकून टाकता येत नाही.

याच वर्षी देवा पेजर यांचा मिलवॉकी शहरातील प्रयोग प्रसिद्ध झाला. शालेय शिक्षणावर मिळणाऱ्या साध्या नोकऱ्यांसाठी त्यांनी सारख्याच पात्रतेचे तरुण पाठविले. तुरुंगवासाची नोंद नसलेल्या गोऱ्यांपैकी ३४ टक्क्यांना मालकांनी पुन्हा बोलाविले, तर तशी नोंद असलेल्या गोऱ्यांपैकी १७ टक्क्यांना. कोणतीही नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण १४ टक्के आणि नोंद असलेल्यांचे अवघे ५ टक्के होते. निष्कलंक कृष्णवर्णीय तरुण हा तुरुंगातून सुटून आलेल्या गोऱ्याच्याही मागे राहिला. ‘महाविद्यालय सोडा, कामाला लागा’ हा सल्ला ज्या बाजारात जाण्यास सांगतो, तो बाजार हा आहे. (असाच नावांवर आधारलेला प्रयोग सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतातील खासगी नोकऱ्यांबाबत करून २००७ साली प्रसिद्ध केला. पात्रता समान असूनही दलित आडनावाच्या अर्जाला कमी प्रतिसाद मिळतो, असे त्यांना दिसले.)

रॉयस्टर यांच्या ग्रंथाची मोठी उणीव ही की, महाविद्यालयाची वाट त्यांच्या विवेचनाच्या कडेला राहते. धंदेशिक्षणातील वशिल्याचे जाळे त्यांनी उलगडले. पण पदवीधरही त्यातून सुटत नाही, हे तपासणे त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. जेनेल जोन्स आणि जॉन श्मिट यांच्या २०१४ मधील अहवालानुसार, २०१३ साली २२ ते २७ वयोगटातील कृष्णवर्णीय पदवीधरांत बेकारी १२.४ टक्के होती. त्या वयाच्या सर्व पदवीधरांत ती ५.६ टक्के होती.

मोजणीतून गळलेले :

मग पदवी घेऊन लाभ होत नाही काय? होतो. परंतु तो लाभ कशाच्या तुलनेत आहे, हे स्पष्टपणे मांडले पाहिजे. बेकी पेटिट आणि ब्रूस वेस्टर्न यांनी २००४ साली दाखविले की, १९६५ ते १९६९ दरम्यान जन्मलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांपैकी महाविद्यालयाचे तोंड न पाहिलेल्यांतील सुमारे ३० टक्के आणि शाळा अर्धवट सोडलेल्यांतील जवळजवळ ६० टक्के १९९९ पर्यंत तुरुंगात जाऊन आले होते. रोजगार व वेतनाची नित्याची सरकारी सर्वेक्षणे घराघरांतून होतात. तुरुंगातील माणूस त्यांत येत नाही. पेटिट यांनी २०१२ साली या विषयावरील ग्रंथाला ‘इनव्हिजिबल मेन’ असे नाव दिले, तेव्हा एलिसन यांच्या शीर्षकाला एक सांख्यिकीय अर्थ प्राप्त झाला. जो मोजलाच गेला नाही त्याचे शून्य वेतन सरासरीत धरले जात नाही आणि त्यामुळे ‘कामधंद्याची’ बाजू आहे त्यापेक्षा बरी दिसते.

याचा अर्थ असा की, कृष्णवर्णीय तरुणाच्या बाबतीत पदवीचा लाभ रूढ वेतन-तक्त्यांत दिसतो त्याहून अधिक असू शकतो. मात्र त्याचे बरेचसे श्रेय महाविद्यालयाच्या गुणाला नसून दुसऱ्या वाटेच्या दुरवस्थेला आहे. शिवाय महाविद्यालयात पोहोचणारा मुलगा घर, वस्ती आणि शाळा या तिन्ही बाबतींत आधीच निवडला गेलेला असतो, हाही भाग वजा करावा लागतो. राज चेट्टी व सहकाऱ्यांनी सुमारे दोन कोटी मुलांच्या माहितीवरून २०१८ साली मांडलेला निष्कर्ष येथे बोलका आहे. समान उत्पन्नाच्या घरांत वाढलेल्या कृष्णवर्णीय व गोऱ्या स्त्रियांच्या कमाईत फारसे अंतर नाही. पुरुषांच्या कमाईत ते मोठे आहे आणि श्रीमंत घरांतही टिकून आहे. प्रश्न तरुण पुरुषांपुरता वेगळा काढून विचारण्याचे समर्थन या निष्कर्षातून मिळते.

पदवीच्या लाभाला खरी गळती लागते ती कर्जामुळे. ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि जिंग ली यांच्या २०१६ च्या अभ्यासात पदवी घेताना कृष्णवर्णीय विद्यार्थ्यावर सरासरी २३,४०० डॉलर आणि गोऱ्यावर १६,००० डॉलर कर्ज आढळले. चार वर्षांनंतर हेच आकडे सुमारे ५३,००० आणि २८,००० झाले होते. काही वाढ पुढील शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाची होती, तर काही साचत गेलेल्या व्याजाची. नफ्यासाठी चालणाऱ्या महाविद्यालयांनी या गरजेचा व्यापार कसा केला, याचे आतून केलेले चित्रण ट्रेसी मॅकमिलन कॉटम यांच्या ‘लोअर एड’ (२०१७) या ग्रंथात आहे. लेखिकेने अशा दोन संस्थांत प्रवेश मिळवून देण्याचे काम स्वतः केले होते. त्यांच्या मते हे विद्यार्थी भोळे नसतात; चांगल्या नोकरीची दुसरी वाट दिसत नाही म्हणून ते महाग प्रमाणपत्र विकत घेतात. हे निदान रॉयस्टर यांच्या निष्कर्षाला शेवटचा दुवा जोडून देते.

वॉशिंग्टन यांचे १८९५ चे भाषण अटलांटा शहरातच झाले आणि ड्युबॉइस १८९७ पासून तेथेच अध्यापन करीत होते. त्याच शहरातील मोअरहाउस कॉलेज हे कृष्णवर्णीय पुरुषांचे महाविद्यालय आहे. १९ मे २०१९ रोजी तेथील पदवीदान समारंभात उद्योजक रॉबर्ट एफ. स्मिथ यांनी त्या वर्षीच्या संपूर्ण तुकडीचे शैक्षणिक कर्ज फेडण्याची घोषणा केली. तुकडी सुमारे चारशे जणांची होती आणि पालकांनी काढलेली कर्जे धरून रक्कम भरली ३ कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे माणशी सुमारे ८५ हजार. पदवीधराच्या सरासरी वेतनाच्या तक्त्यात हा आकडा कोठेच दाखविलेला नसतो.