धावता संघ आणि अजिंक्यपद

पळणारा संघ प्रेक्षकांचे रंजन करतो, परंतु अजिंक्यपद मात्र संथपणे खेळणाराच मिळवतो, असे एक मत क्रीडासमीक्षेत फार दिवसांपासून रूढ आहे. आमच्या सीमाभागातील जुन्या मंडळींतही ते वारंवार ऐकू येते. ते ज्या आत्मविश्वासाने मांडले जाते, तेवढा आधार त्याला आहे काय, हे एकदा पाहावे असे आम्हांस वाटले.

या मताला अलीकडच्या काळात बळ मिळाले ते अमेरिकेतील बास्केटबॉलमुळे. तेथे फेक करण्यासाठी चोवीस सेकंद मिळतात. फिनिक्स सन्स या संघाचे प्रशिक्षक माइक डँटोनी यांचा आग्रह असा की, चेंडू हाती येताच सात सेकंदांच्या आत फेक व्हावी. आदल्या वर्षी अवघे 29 सामने जिंकलेल्या या संघाने 2004-05 च्या हंगामात 62 सामने जिंकले. स्टीव्ह नॅश हा त्यांचा सूत्रधार सलग दोन वर्षे सर्वोत्तम खेळाडू ठरला. परंतु या पद्धतीच्या भरभराटीच्या वर्षांत संघ अंतिम फेरीपर्यंतही पोहोचला नाही, आणि टीकाकारांनी निकाल देऊन टाकला : धावणारे हरतात.

हा निकाल आम्हांस घाईचा वाटतो. (घाईवर टीका करणाऱ्यांनीच एवढी घाई करावी, ही गंमतच.) 2005 मध्ये सॅन अँटोनियोविरुद्धच्या मालिकेत पहिल्या दोन सामन्यांना सन्सचा एक प्रमुख खेळाडू दुखापतीमुळे मुकला होता, 2007 मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ऐन मोक्याच्या सामन्यात दोघांवर बंदी आली. शिवाय बिल रसेल यांच्या बोस्टन संघाने तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवली, ती धावूनच. लॉस एंजेलिसच्या लेकर्सनी 1980 ते 1988 या काळात धावूनच पाच जिंकली. 2015 चा विजेता गोल्डन स्टेट तर वेगात पहिला होता आणि बचावातही पहिलाच. येथे खरी मेख आहे. रसेल आधी प्रतिस्पर्ध्याची फेक अडवीत, परतलेला चेंडू झेलीत, आणि मग त्यांचे सहकारी धावत सुटत. सन्सना धावता येत होते. पण धाव सुरू करण्यासाठी आधी चेंडू हिसकावून घ्यावा लागतो, ती बाजू त्यांची दुबळी होती.

हा प्रश्न बास्केटबॉलच्या आधी आपल्या मातीतील खेळाला विचारावयास हवा होता. खो-खोची नियमबद्ध घडण पुण्यात डेक्कन जिमखान्याने 1914 च्या सुमारास आरंभिली. खो-खो म्हणजे पळापळीचा खेळ, हे बघ्याचे मत. प्रत्यक्षात या खेळाचे नियम पळणाऱ्या पायांना वेसण घालण्यासाठीच केले आहेत की काय, असे वाटावे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब ओलांडेपर्यंत त्याला मागे वळता येत नाही. बसलेल्यांच्या मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही मोकळीक आहे. अशा स्थितीत केवळ वेगावर विसंबणारा गडी हुलकावणीने चुकतो, दोन पावले पुढे जातो, आणि ती दोन पावले त्याला परत घेता येत नाहीत. म्हणून चांगला संघ वेग एका गड्याकडून मागत नाही, खो देण्याकडून मागतो. पळणारा वळला त्याच क्षणी त्या बाजूस तोंड करून बसलेल्याच्या पाठीशी खो पडला पाहिजे. बसलेला गडी धावत नसतो, तरी खेळ त्याच्याच डोक्यात चालू असतो. हे ज्याने मैदानाच्या कडेला बसून पाहिले आहे त्यास सांगावयास नको.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यांत नेपाळला पुरुषांनी 54-36 आणि महिलांनी 78-40 असे हरविले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेथील नियमांनुसार गडी बाद केल्यास दोन गुण, आणि पळणारी तुकडी तीन मिनिटांहून अधिक टिकली की पुढे तिलाही गुण मिळू लागतात. महिलांच्या अंतिम सामन्यात शेवटच्या टप्प्यात आपल्या कर्नाटकाच्या चैत्राच्या तुकडीने पाच मिनिटांहून अधिक काळ तग धरला. तो पराक्रमही धावण्याचाच. फक्त त्या धावण्याचे काम घड्याळ संपविणे हे होते. वेगवान आणि संथ असे दोन पंथ येथे कोठे वेगळे करावेत?

या वादात पालखेडचे नाव निघतेच, आणि आमच्या भागात तर ते अभिमानाने निघते. 1728 मध्ये बाजीरावांच्या हलक्या फौजेने निजामाच्या अवजड तोफखान्याला दमविले हे खरे. परंतु ती धाव धावण्यासाठी नव्हती. निजामाला पाणी नसलेल्या जागी आणून अडविण्यासाठी होती. ज्यांना यात केवळ घोड्यांच्या टापा ऐकू येतात त्यांनी अर्धीच लढाई वाचली, असे आमचे नम्र मत आहे.

हे सर्व लिहिण्याचे कारण मात्र जवळचे आहे. आमच्या भागातील एका शाळेत खो-खोच्या संघाची निवड शंभर मीटरच्या शर्यतीवरून झालेली आम्ही पाहिली. पहिले बारा आले, संघ झाला. बाहेर राहिलेल्यांत एक मुलगी होती; पाय बेताचे, परंतु पळणाऱ्याचा खांदा कोणत्या बाजूस झुकतो हे ती आधी ओळखत असे. त्या संघाचे गडी पहिल्याच फेरीत खांबापाशी एकामागून एक घसरत गेले आणि परतीच्या गाडीत मोठ्यांनी निष्कर्ष काढला की मुले फार पळाली. आम्हांस वाटते, ती मुले चुकीच्या वेळी पळाली. मराठी वर्गांतील पट रोडावत असता बारा मुले जमविणे हीच जेथे कसोटी आहे, तेथे अशी एक मुलगी कडेला बसवून ठेवणे आम्हांस परवडणारे नाही. येत्या निवडीच्या दिवशी शिक्षकांनी मुलांना आधी पाटीवर बसवावे, समोर एक चपळ पळणारा सोडावा, आणि कोण केव्हा उठतो तेवढे पाहावे.