घाशीराम कोतवाल (चित्रपट)

घाशीराम कोतवाल : विजय तेंडुलकर यांच्या याच नावाच्या नाटकावर आधारलेला मराठी चित्रपट (१९७६). पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘युक्त’ या सहकारी गटाने तो निर्माण केला. पटकथा तेंडुलकरांचीच असून दिग्दर्शनात मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा व कमल स्वरूप यांचा सहभाग होता. नाना फडणीसांची भूमिका रंगभूमीप्रमाणेच मोहन आगाशे यांनी केली. घाशीरामाच्या भूमिकेतून ओम पुरी यांचे चित्रपटसृष्टीत पदार्पण झाले.

मूळ नाटकाचा पहिला प्रयोग पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी केला. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्यदिग्दर्शन यांमुळे कीर्तन, खेळे, दशावतार व तमाशा यांच्या मिश्रणातून एक नवाच नाट्यप्रकार सिद्ध झाला. नानांच्या व ब्राह्मणांच्या चित्रणावरून वादळ उठले आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. १९७३ साली स्थापन झालेल्या थिएटर ॲकॅडमीने ते पुन्हा रंगभूमीवर आणले. १९८० मधील यूरोप दौऱ्याच्या वेळीही हा विरोध शमलेला नव्हता.

इतिहासातील घाशीराम सावळदास हा १७८२ पासून पुण्याचा कोतवाल होता. ऑगस्ट १७९१ मध्ये कोंडून ठेवलेले वीसहून अधिक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. तेव्हा खवळलेल्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून ठार केले. त्याच्यावर मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्ये कादंबरी लिहिली होती. तेंडुलकरांनी या कथेत कोतवालीच्या मोबदल्यात नानांना मुलगी देणारा बाप उभा केला, आणि आपले नाटक ऐतिहासिक नव्हे असेही बजावले. ही भूमिका प्रामाणिक असली, तरी तिने वाद मिटणे शक्य नव्हते. ज्या पुरुषाची नाममुद्रा लोकांच्या स्मृतीत कोरली गेली आहे, त्याचे नाव घेऊन ‘हा इतिहास नव्हे’ असे म्हणता येते. प्रेक्षकाला तसे मानावयास लावता येत नाही.

या नाटकाच्या संदर्भात युद्धाचा उल्लेख सहसा होत नाही. वस्तुतः घाशीरामाची कोतवाली दोन युद्धांच्या कवेत बसते. सालबाईच्या तहाने (१७८२) इंग्रजांशी चाललेले पहिले युद्ध मिटले, आणि घाशीराम मारला गेला तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धन व हरिपंत फडके यांच्या फौजा इंग्रजांचे मित्र म्हणून टिपूच्या मुलखात होत्या. फौजा दूर गेल्या असता राजधानीत सत्ता कशी वागते, कोणाच्या हाती दंडुका देते आणि काम संपताच त्याला कसे सोडून देते, हा खरा विषय होय. या अर्थाने ही युद्धकाळाचीच कथा आहे. मात्र तिच्यात रणांगण नाही.

रंगमंचावर शेंडी राखलेल्या ब्राह्मणांची डोलणारी रांग कधी भिंत होते, कधी दार, कधी गर्दी. ही मानवी भिंत म्हणजे नाटकाचा प्राणच. ती प्रेक्षकाला समोर बसवून पलीकडचे झाकते. कॅमेऱ्याला मात्र भिंतीच्या मागेही जाता येते. त्यामुळे रूपांतराची मुख्य अडचण येथेच होती. ‘युक्त’च्या तरुणांनी नाटकाचे नुसते छायाचित्रण केले नाही किंवा वाडे-रस्ते उभारून ते वास्तववादीही बनविले नाही. मराठेशाही व वसाहतवादी सत्ता यांच्या इतिहासावर भाष्य करणारा भाग तेंडुलकरांनी पटकथेत घातला. शेवटचे सु. दहा मिनिटांचे एकसंध दृश्य हंगेरियन दिग्दर्शक मिक्लोश यांचो यांच्या पद्धतीचे असून त्याने चित्रपटाचे अखेरचे रीळ व्यापले आहे. जमाव व सत्ता यांचे नाते तोडकाम न करता एका सलग हालचालीत दाखविण्याचा हा प्रयत्न मराठी चित्रपटात अपूर्वच म्हणावा लागेल. तथापि नाटकातील हास्य येथे बरेच विरले आहे. प्रयोगात प्रेक्षक आधी ताल धरतो आणि आपण कशावर ताल धरला हे त्याला मागाहून कळते. चित्रपटात त्याला आरंभापासूनच सावध केले जाते. बुद्धीला हे पटते, पण दंश कमी होतो.

लॉरेन्स ऑलिव्हिये याने शेक्सपिअरच्या पाचवा हेन्री या नाटकावरून केलेल्या चित्रपटाशी (१९४४) या कृतीची तुलना उद्‌बोधक आहे. तोही रंगमंचापासून, ग्लोब नाट्यगृहातील प्रयोगापासून, सुरू होऊन मोकळ्या रणभूमीवर जातो. परंतु तो महायुद्धात लढणाऱ्या राष्ट्राला धीर देण्यासाठी निघाला होता. म्हणून युद्धकैद्यांना मारण्याचा राजाचा हुकूम त्यातून गाळण्यात आला. घाशीराम कोतवाल आणीबाणीच्या काळात तयार झाला व त्याने नेमके असे न गाळण्याजोगे तेवढेच ठेवले. नाना व घाशीराम यांत तत्कालीन सत्ताधारी पाहिले गेले, ते स्वाभाविकच होते.

या चित्रपटाची एक मर्यादा पुण्याबाहेरून अधिक स्पष्ट दिसते. नानांच्या मृत्यूनंतर (१८००) पेशवाईतील यादवीचा भार मुख्यतः ज्या प्रदेशांनी सोसला, त्यांत खानदेश अग्रभागी होता. यशवंतराव होळकरांच्या फौजांच्या वाटचालीनंतर १८०३ च्या दुष्काळात धुळे ओस पडले; पुढील वर्षी विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसविले. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर टॉमस हिस्लॉपच्या सैन्याने थाळनेर घेतले, शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आले. याच धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली निधन झाले व त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे जतन झाली. त्या कागदांची सवय असलेल्या वाचकाला नानांची बदनामी झाली की नाही, हा वाद दुय्यम वाटतो. बावन्नखणी ते शनिवारवाडा एवढ्या आवारात सत्तेचे सर्व पाप मावते, असा जो समज नाटक निर्माण करते, तो अधिक खटकतो. चित्रपटाने इंग्रजांना कथेत आणून हे आवार रुंदावले खरे. पण त्याची नजर दरबारावरून हलत नाही, रयतेपर्यंत पोहोचत नाही.

नाटकाचे प्रयोग वर्षानुवर्षे होत राहिले, चित्रपट मात्र चित्रपटगृहांतून फारसा दाखविला गेला नाही. जळगाव, भुसावळ यांसारख्या ठिकाणच्या रसिकाला तो प्रत्यक्ष पाहण्यापेक्षा त्याविषयी वाचावयासच अधिक मिळाला. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने जतन केलेल्या प्रतीवरून २०१० नंतरच्या दशकात त्याची अंकीय प्रत तयार झाली, आणि रूपांतराची चर्चा ऐकीव माहितीऐवजी प्रत्यक्ष दृश्यांच्या आधारे करणे शक्य झाले.