ध्रुवपद कोण धरणार?

कीर्तनात महाराज अभंगाचा चरण म्हणतात आणि मागे उभे असलेले टाळकरी तो उचलतात. आपण हे इतक्या वेळा पाहिले आहे की त्यात विशेष काही वाटेनासे झाले आहे. पण हे उचलणे थांबले तर कीर्तनाचे व्याख्यान होते, आणि गाणारा कितीही गोड असला तरी तो एकटा पडतो. मला ही गोष्ट नव्याने कळली ती आळंदीला नाही, पंढरीलाही नाही. ती कळली भायखळ्याला, मराठी ख्रिस्ती मंडळींच्या भजनाला जाऊन बसलो तेव्हा.

दुसऱ्या धर्माच्या गाण्याची चिकित्सा वारकऱ्यांच्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. ते गाणे निम्मे आपल्या घरातून गेलेले आहे, म्हणून. लेक सासरी गेली तरी तिची खुशाली विचारायला माहेरचे माणूस जातेच.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईत आले आणि पुढे भायखळा हे त्या मिशनचे महत्त्वाचे ठाणे झाले. नगर-सातारा भागातून पोटापाण्यासाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबे या बाजूला राहिली. त्यांच्या घरांत अभंग, ओवी, पद हे शब्द परके नाहीत. आमच्या लालबागच्या भजनी मंडळातल्या एका टाळकऱ्याचे कचेरीतले सोबती या मंडळीतले. त्यांनी बोलावले म्हणून आम्ही तिघे गेलो. चर्चच्या सभागृहात पन्नास-साठ माणसे होती. एका अंगाला सतरंजीवर पेटी, तबला आणि टाळांची एक जोडी. दुसऱ्या अंगाला कीबोर्ड, गिटार आणि उभ्या काठीवरचे चार माईक. म्हणजे भांडण काय आहे ते कोणी बोलण्याआधीच दिसत होते.

पहिल्यांदा वडीलधाऱ्यांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने म्हटली. पेटीवर एक वयस्क बाई होत्या. आवाज थकलेला, वरच्या षड्जाला पोचता पोचता फाटणारा. तबला तर दर आवर्तनाला किंचित पुढे धावत होता. आमच्या पखवाजीबुवांनी दोनदा माझ्याकडे पाहिले. पण दुसऱ्या फेरीला मागच्या रांगेतून ध्रुवपद आले, तिसऱ्या फेरीला सगळ्या सभागृहातून आले. शब्द आमच्या पाठातले नव्हते, तरी चाल ओळखीची निघाली आणि आमचाही हात नकळत टाळी धरू लागला.

नंतर चार तरुण उभे राहिले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत चौघा पुरुषांनी चार वेगवेगळ्या पट्ट्यांत एकत्र गाण्याची जी रीत आहे, ज्याला तिकडे सदर्न गॉस्पेल म्हणतात, त्या रीतीने त्यांनी मराठी आणि इंग्रजी अशी पाच-सहा गाणी म्हटली. एक वरचा आवाज, एक मुख्य चाल धरणारा, एक मधला आणि एक खर्जाचा. खरे सांगायचे तर मुले तयारीची होती. खर्ज म्हणणारा तर असा की त्याच्या आवाजाने खुर्चीचा पाय हलावा. चौघांचे स्वर एकमेकांत मिसळत तेव्हा कानाला फार बरे वाटे. मात्र सभागृहातला एकही माणूस त्यांच्याबरोबर गात नव्हता. गाणे संपले की टाळ्या पडत. आधीच्या भजनांना टाळ्या पडल्या नव्हत्या, कारण तेव्हा लोकांचे हात मोकळे नव्हते.

कार्यक्रमानंतर त्या चौघांशी बोलणे झाले. आपली संगीतसेवा वाढावी अशी त्यांची मनापासून तळमळ आहे. गाणी ध्वनिमुद्रित करायची, दुसऱ्या चर्चमध्ये जायचे, चांगली ध्वनियंत्रणा घ्यायची, असे त्यांचे बेत आहेत. पैसा नाही, सरावाला जागा मिळत नाही, नोकऱ्यांच्या पाळ्या जुळत नाहीत. वडीलधारे म्हणतात, भजन सोडून हे काय चालवले आहे. मुले म्हणतात, भजनाला आता तरुण येत नाहीत. ‘बुवा, तुमची दिंडी इतकी वाढते कशी?’ असे त्यांनी मला विचारले. तेव्हा मी काहीतरी बोललो. नीट उत्तर सुचायला पुढे बरेच दिवस लागले.

आधी त्यांच्या आवडत्या रीतीविषयी, कारण तिला नुसती परकी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. तिकडच्या खेड्यांत हे गाणे वाढले ते चौघांमुळे नव्हे. तिथे सात स्वरांना सात निरनिराळे आकार देऊन छापलेली पुस्तके होती. त्रिकोण दिसला की अमुक स्वर, चौकोन दिसला की तमुक. फिरते गुरुजी गावात येऊन शेतकऱ्यांना आणि त्यांच्या बायकामुलांना हे आकार वाचायला शिकवीत. मग गावोगावची माणसे एकत्र जमून दिवसभर गात. ऐकणारा असा वेगळा कोणी नसे. पुढे 1910 साली टेनेसी राज्यातल्या लॉरेन्सबर्ग गावचे प्रकाशक जेम्स व्हॉन यांनी आपली गाण्याची पुस्तके खपावीत म्हणून चार गवई पगारावर ठेवून गावोगाव पाठवले. लोकांना ते चौघे फार आवडले, आणि हळूहळू चौघे व्यासपीठावर व गाव खुर्चीत अशी वाटणी झाली. भायखळ्याच्या मुलांपर्यंत पोचली ती ही नंतरची अर्धी गोष्ट. स्वरांचे आकार शिकवणारे गुरुजी वाटेतच कुठेतरी राहिले. चार पट्ट्यांचे गाणे ऐकणाऱ्याला आपोआप धरता येत नाही. त्याला त्याची पट्टी कोणीतरी शिकवावी लागते. आपल्या भजनात चाल एकच असते, म्हणून अनोळखी माणूसही दुसऱ्या फेरीला आत येतो. तेव्हा माझी तक्रार चार आवाजांबद्दल नाही, पाचव्याला दार ठेवले नाही याबद्दल आहे.

आता टिळकांकडे. त्यांच्या आधीची मराठी ख्रिस्ती गीते बहुतेक इंग्रजी चालींत मराठी शब्द कोंबून केलेली असत. त्यात ऱ्हस्वाचे दीर्घ होई आणि आघात भलतीकडे पडे. नगरकडच्या मंडळींनी, ज्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव पहिल्याने घेतात, गेल्या शतकाच्या आधीच कीर्तनाची वाट धरली होती. पण ती वाट हरिदासी कीर्तनाची. एक बुवा पुढे उभा, पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान आणि श्रोते समोर. आख्यान पुराणातले न घेता बायबलातले घेतले, एवढाच फरक. माझ्या मते हीच चूक आजपर्यंत चालत आली आहे. मिशनऱ्यांना सांगायचे फार होते, म्हणून त्यांनी सांगणाऱ्याचे कीर्तन उचलले. ज्यात सगळे मिळून म्हणतात ते आपले वारकरी कीर्तन त्यांच्या नजरेतून निसटले.

टिळकांच्या नजरेतून मात्र ते निसटले नाही. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईतच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबारायांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. ख्रिस्ताला ते गुरू म्हणतात, माउलीही म्हणतात. तो शब्द त्यांनी कुठून घेतला हे आपल्याला सांगायला नको. मराठी उपासना संगीतात त्यांच्या पदांचा वाटा फार मोठा आहे, आणि भायखळ्याच्या त्या बाईंच्या फाटक्या आवाजाला जो प्रतिसाद मिळाला त्याचे निम्मे श्रेय टिळकांच्या छंदाला द्यावे लागेल. त्यांच्या भजनांत शब्द जिभेवर सहज बसतो आणि ध्रुवपद वाट पाहत असते.

पण ‘अभंगांजली’ वाचताना वारकरी कानाला एक उणीव जाणवते. त्यातले पुष्कळ अभंग एकट्याने, डोळे मिटून, मनात म्हणावेत असे आहेत. देव आणि मी, तिसरे कोणी नाही. भाव खरा आहे, शब्द कोवळे आहेत, फुलांमुलांचा कवी त्यांत पुरता उतरला आहे. तरी चार माणसांनी टाळ घेऊन उभे राहावे असा भार त्या चरणांत पडत नाही. तुकोबा देवाशी भांडतात तेव्हाही बाजारपेठेत उभे राहून भांडतात, आणि त्यामुळे आपल्याला त्या भांडणात पडता येते. टिळक देवाशी बोलतात ते खोलीचे दार लावून. नाममुद्रेचेही तसेच. ते ‘दास’ अशी मुद्रा घालतात. ती नम्र आहे, कोणालाही आपली म्हणता येईल. पण ‘तुका’ म्हटल्यावर देहूचा एक वाणी, त्याची बुडालेली वही, त्याची चिडलेली बायको, सगळे अंगणात येते. दास म्हटल्यावर कोणीच येत नाही. (हे लिहिताना समर्थांच्या मंडळींचा रोष ओढवतो आहे हे माहीत आहे. त्यांच्या दासाला सज्जनगडाचा पत्ता आहे, एवढेच म्हणतो.)

1917 हे साल मात्र मला थांबवते. त्या वर्षी विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. त्याच वर्षी टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनीही त्यात बसावे अशी त्यांची इच्छा होती. दोघे एकमेकांना भेटले की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. दोघांनी एकच दुखणे ओळखले होते, की गाणाऱ्याचे पोट ज्याच्या हाती, गाणे त्याचे होते. तुकोबारायांनी कीर्तनाच्या ठिकाणी अन्न घेऊ नये, बुक्काही लावून घेऊ नये असे सांगितले ते याचसाठी. पण जोग महाराजांनी शिकवण्याची सोय केली. मुले माधुकरी मागून राहिली, पाठ केले, टाळ धरला, गावोगाव गेली, आणि त्यांनी आणखी मुले तयार केली. टिळकांना ते करायला आयुष्य पुरले नाही. दोन वर्षांतच, 9 मे 1919 रोजी, ते भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात गेले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ अर्धे राहिले ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ग्रंथ दुसऱ्या हाताने पुरा होऊ शकतो. टाळकऱ्यांची फळी तशी पुरी होत नाही.

एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. आपल्यातल्या पुष्कळांना वाटते की मिशनऱ्यांनी आपले कीर्तन आमिषासारखे वापरले. मलाही तसे वाटत आले आहे, आणि ते अगदीच निराधार आहे असे आजही म्हणणार नाही. माणसे आत ओढण्यासाठी गाणे वापरले की त्यात एक लबाडी शिरते. ती ऐकणाऱ्याला कळते, आणि गाणेही नासते. भायखळ्याच्या त्या संध्याकाळी मी ती लबाडी शोधत होतो हे कबूल करतो. बाईंच्या भजनात ती सापडली नाही. त्या कोणाला बोलावत नव्हत्या. मुलांच्या गाण्यात थोडी सापडली, पण धर्माची नव्हे. लोकांनी आपल्याला ऐकावे, ही ती ओढ. ती आमच्याकडेही आहे.

आहेच, आणि लपवण्यात अर्थ नाही. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि लालबाग-परळच्या चाळींतली भजनी मंडळे विरळ झाली. जी उरली त्यातली बरीच स्पर्धेसाठी तालीम करतात. डबलबारीला गर्दी लोटते, दोन बुवा एकमेकांवर कुरघोडी करतात, रंगतही येते, पण ऐकणारा शिट्टी मारतो, ध्रुवपद धरत नाही. दिंडीत गाडीवर कर्णे लावले की मागचे वारकरी गायचे थांबतात, कारण स्वतःचा आवाजच कानाला येत नाही. भायखळ्याची मुले ध्वनियंत्रणेसाठी पैसे जमवत आहेत. आम्ही ती दोन वर्षांपूर्वी घेतली. तेव्हापासून आमच्या एकादशीच्या भजनात मागच्या दोन रांगा गप्प असतात. हे मी त्या मुलांना सांगायला हवे होते.

म्हणून परवा पुन्हा गेलो. दिंडी वाढते कशी याचे उत्तर मला जसे जमले तसे दिले. दिंडीत ऐकायला कोणी येत नाही. देहूच्या चौदा टाळकऱ्यांची नावे आपण अजून घेतो, त्यांतल्या कोणाचा आवाज कसा होता हे कोणाला ठाऊक नाही. मुलांनी ऐकून घेतले. खर्जवाला म्हणाला, ‘मग आम्ही चौघे काय करायचे, गप्प बसायचे?’ प्रश्न बरोबर होता. मी म्हटले, टिळकांचे एक भजन घ्या, तुमच्याच चार आवाजांत बसवा, पण प्रत्येक चरणानंतर दोन आवर्तने तुम्ही ध्रुवपद म्हणू नका. लोकांना म्हणू द्या. पहिल्या आठवड्याला कोणी म्हणणार नाही, तेव्हा फजिती होईल, ती सोसा. पेटीवरच्या बाई हसल्या. त्यांनी तिथल्या तिथे एक चाल काढून दाखवली, आणि मुलांनी तिच्यात स्वर शोधायला सुरुवात केली. मधला आवाज लागेना. बराच वेळ लागला.

निघताना आमच्या मंडळाचे टाळांचे दोन जोड त्यांच्याकडे ठेवून आलो. एका जोडाची दोरी जुनी आहे, ती बदलायला सांगितले आहे.