‘अप्रीती’ आणि नञर्थ : १८९७ च्या खटल्यातील एक व्याख्या

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि रोगाबरोबर दोषारोपाचीही साथ पसरू लागली. ऑक्टोबरात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. पुण्यात रँड यांच्या हाताखाली गोऱ्या सोल्जरांनी घरझडत्या घेतल्या आणि २२ जूनला रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. लोकक्षोभाला जबाबदार कोण, प्लेगची व्यवस्था की वृत्तपत्रे, हा वाद सप्टेंबरात मुंबईच्या उच्च न्यायालयात पोहोचला, तो मात्र एका इंग्रजी शब्दाच्या अर्थाचे रूप घेऊन.

टिळकांवरील आरोप खुनाचा नव्हता. ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकातील ज्या मजकुरावर खटला उभा राहिला, तोही प्लेगविषयी नसून शिवाजी-उत्सवाविषयी होता. या खटल्याची चर्चा करताना मराठी मजकुराच्या सदोष भाषांतरावर भर देण्याची आपल्याकडे प्रवृत्ती आहे. ज्यूरीतील सहा जणांनी दोषी व तीन भारतीय सदस्यांनी निर्दोष असे मत दिले, हे पाहता तो आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. परंतु निर्णायक घाव मराठी शब्दावर पडलेला नाही; तो पडला कलम १२४-अ मधील ‘डिसअफेक्शन’ या शब्दावर. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला त्याचा अर्थ सांगितला तो प्रीतीचा अभाव असा.

आपल्या व्याकरणपरंपरेत नञ्‌चे सहा अर्थ मानले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पत्व, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अमित्र’ म्हणजे जो मित्र नाही असा कोणीही नव्हे; अमित्र म्हणजे शत्रू. १८९१ च्या ‘बंगवासी’ खटल्यात सर कोमर पेथरम यांनी ‘डिसअफेक्शन’चा अर्थ प्रीतीच्या विरुद्ध असलेली भावना असा केला होता, म्हणजे विरोध हा अर्थ घेतला होता. स्ट्रेची यांनी अभाव घेतला, आणि लगेच त्याच्या स्पष्टीकरणार्थ द्वेष, वैर, तिरस्कार अशी जी यादी दिली ती सगळी विरोधाची! व्याख्या एका अर्थाची आणि उदाहरणे दुसऱ्या अर्थाची, हा दोष पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही क्षम्य नाही. अवयवांच्या बेरजेतून शब्दाचा अर्थ काढायचा, तर ‘डिझीज’ म्हणजे केवळ स्वास्थ्याचा अभाव ठरेल आणि बेचैन दिसणारा प्रत्येक इसम प्लेगच्या छावणीत धाडावा लागेल.

हा काथ्याकूट नव्हे. त्या कलमाच्या तत्कालीन स्पष्टीकरणाने सरकारी उपाययोजनांविषयीची नापसंती गुन्ह्यातून वगळली होती. अट एवढीच, की ती आज्ञाधारक वृत्तीशी सुसंगत असावी. स्ट्रेची यांनी ते स्पष्टीकरण डावलले असे म्हणणे अन्यायाचे होईल. उपाययोजनांवरील टीका आणि खुद्द सरकारवरील हल्ला यांत त्यांनी भेद केला होता. तथापि प्रीतीचा अभाव हीच कसोटी असेल, तर नापसंती आणि वैर यांमधले विस्तीर्ण क्षेत्र धोक्यात येते. ज्याच्या देवघरापर्यंत सोल्जर पोहोचला, त्याच्या मनात सरकारविषयी प्रीती कोठून राहावी? वैर मात्र असेलच असे नाही. कायदा पाळीत, दवाखाने काढण्यास साह्य करीत प्लेगच्या बंदोबस्ताला दोष देणारा नागरिक याच क्षेत्रात उभा असतो. टिळकांनी स्वतः पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय चालविण्यात पुढाकार घेतला होता.

टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी झाली. त्याच वर्षी ‘प्रतोद’ पत्राच्या अपिलात, त्याच न्यायालयात, न्यायमूर्ती रानडे यांनी हा शब्द केवळ प्रीतीच्या अभावाचा वाचक नसून विन्मुखतेच्या भावरूप वृत्तीचा वाचक आहे, असे प्रतिपादन केले. दोषसिद्धी मात्र कायम राहिली. अर्थविचार म्हणून रानडे यांचे विवेचन स्ट्रेची यांच्यापेक्षा निःसंशय सरस आहे. टिळकचरित्रांच्या वाचकांना ते फारसे परिचित नाही, याचे नवल वाटते. १८९८ च्या दुरुस्तीत राजनिष्ठेचा त्याग आणि वैरभावना यांचा स्पष्ट उल्लेख आला, पण त्याबरोबर द्वेष व तुच्छता हे शब्द मूळ कलमातच घालून सरकारने त्याची व्याप्ती वाढवून घेतली.