पुसलेल्या फिती आणि आठवणींची समीक्षा

मराठी दूरचित्रवाणीविषयी लिहिताना आपल्याकडे 'सुवर्णकाळ' हा शब्द फार लवकर येतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षे म्हणजे हा काळ, असे साधारण मानले जाते. 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'ज्ञानदीप', 'आमची माती, आमची माणसं', 'चिमणराव' ही नावे लेखात ओळीने येतात. पाठोपाठ चाळीतला किंवा वाड्यातला एकुलता एक टीव्ही येतो आणि शेवटी आजच्या मालिकांवर ताशेरे येतात. हे लेख मी आवडीने वाचतो. पण गेली काही वर्षे ते वाचताना एक प्रश्न पाठ सोडत नाही : लेखकाने हा कार्यक्रम शेवटचा कधी पाहिला? बहुतेक वेळा उत्तर 'तेव्हाच, एकदाच' असे असणार.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी एकदा पाहिलेल्या गोष्टीची आठवण लिहायला काहीच हरकत नाही. तिच्या गुणवत्तेचा निवाडा मात्र त्या आठवणीवर करता येत नाही. नाटकाच्या समीक्षकाजवळ प्रयोग नसला तरी संहिता असते, चित्रपटाच्या समीक्षकाजवळ निदान एखादी प्रत असते. दूरचित्रवाणीच्या मराठी समीक्षेजवळ बहुतांशी काहीच नाही. म्हणून हरवलेल्या भागांचा शोध हा हौशी संग्राहकांचा छंद आहे, असे मी मानत नाही. ते समीक्षेचेच पहिले काम आहे आणि ते आपण केलेले नाही.

'चिमणराव'चेच उदाहरण घेऊ. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात विजया जोगळेकर-धुमाळे यांनी चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून ही मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ही जोडी इतकी ठसली की पुढच्या पिढीने चिं. वि. वाचले ते याच दोन चेहऱ्यांनी. पण मालिकेचे बहुतेक भाग ज्या फितींवर होते त्या पुन्हा वापरल्या गेल्या. आज पाहायला मिळतात ते भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

यामुळे कोणता प्रश्न अनुत्तरित राहतो ते नेमके सांगायला हवे. 'चिमणरावाचे चऱ्हाट'मधला विनोद प्रथमपुरुषी आहे. चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतो, आणि सांगताना आपण काय काय उघड करतो आहोत याचा त्याला पत्ता नसतो. हसू त्या अजाणपणातून येते. कॅमेऱ्यासमोर हा निवेदक नाहीसा होतो. उरतो तो फजिती होणारा माणूस. मग निवेदकाचा भाबडेपणा कुठे गेला? तो प्रभावळकरांच्या चेहऱ्यावर आला, संवादांत आला, की गाळला गेला? एका भागात जे साधले ते दर आठवड्याला साधत होते का? दोन-तीन भाग पाहून याचे उत्तर देणे म्हणजे शिताऐवजी वाफेवरून भाताची परीक्षा करणे होय. याच जोडीला घेऊन विनय धुमाळे यांनी १९७९ मध्ये चित्रपट केला, पण तो मालिकेच्या जागी ठेवता येत नाही. चित्रपट एकदा घडतो. मालिका घराच्या सवयीत मुरत जाते आणि तिचा विनोद त्या सवयीवर उभा असतो.

यातला विरोधाभास खुद्द चिं. विं.ना आवडला असता. बडोद्याला पाली आणि मराठी शिकवणाऱ्या या माणसाने संस्थानच्या दफ्तरखान्याचेही काम पाहिले होते. जुना कागद जपणे हा ज्याच्या पेशाचा भाग, त्याच्या चिमणरावाचे दफ्तर मात्र पुसले गेले.

आता 'हरवले' या शब्दाकडे वळू. या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. पहिली, जे कधी ध्वनिचित्रमुद्रित झालेच नाही. सुरुवातीच्या काळात पुष्कळसे प्रसारण थेट होत असे. स्मिता पाटील मराठी बातम्या वाचत असत ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण थेट वाचलेले बातमीपत्र वाचून संपले की संपले. त्याचा शोध घेणे व्यर्थ आहे. दुसरी, जे मुद्रित झाले आणि नंतर पुसले गेले. तिसरी, जे कुठेतरी आहे, पण कोणत्याही यादीत नाही : खोक्यावर चिठ्ठी नाही, चिठ्ठीवर तारीख नाही, किंवा फीत आहे पण ती चालवणारे यंत्र नाही. शोधकाने आधी हे तीन ढीग वेगळे करायला हवेत. पहिल्या ढिगासाठी हळहळ पुरे. दुसऱ्यासाठी अन्यत्र प्रती शोधाव्या लागतात. तिसऱ्यासाठी लागते ती चिकाटीने केलेली यादी. माझा अंदाज असा की आपण दुसऱ्यात टाकलेले बरेच काही खरे तर तिसऱ्यात निघेल.

फिती पुसल्या का जात, याचे कारण सरळ आहे. तेव्हा स्टुडिओत वापरात असलेली दोन इंच रुंदीची चुंबकीय फीत महाग असे आणि ती बाहेरून आणावी लागे. कार्यक्रम एकदा दाखवला की त्याचे काम झाले. फीत मात्र पुन्हा वापरता येत असे. चित्रपटाच्या अनेक प्रती निघतात, कारण तो एकाच वेळी अनेक थिएटरांत लागायचा असतो. एखादी प्रत गावोगाव फिरून कुणाच्या तरी पेटीत राहते. पी. के. नायर यांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जे जमवले ते अशाच पेट्यांतून. तरीही १९३१ चा 'आलम आरा' आपल्या हाती उरला नाही. दूरचित्रवाणीची गोष्ट आणखी अवघड. पुण्याला १९७३ पासून सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. पण सहक्षेपणात लहरी पुढे जातात, प्रत तयार होत नाही. प्रेक्षक वाढले, फीत एकच राहिली.

हे केवळ आपल्याकडे झाले असे समजून कपाळाला हात लावण्याचे कारण नाही. बीबीसीने १९६७ ते १९७८ या काळात 'डॉक्टर हू' या मालिकेच्या फिती पुसल्या. माणूस चंद्रावर उतरला त्या दृश्यांच्या मूळ फिती पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असे २००९ मध्ये नासाने सांगितले. फरक पुढे पडला. बीबीसीने 'डॉक्टर हू'च्या सोळा मिलिमीटर प्रती परदेशी केंद्रांना विकल्या होत्या. म्हणून प्रेक्षक आणि संशोधक त्या वाटांनी मागे गेले आणि २०१३ मध्ये नायजेरियातल्या जॉस शहरातून नऊ भाग परत मिळाले. तरीही तेव्हा ९७ भाग बेपत्ता उरले. हा आकडा महत्त्वाचा आहे : त्यांना काय गेले ते मोजता येते. आपल्याला 'बरेच गेले' एवढेच म्हणता येते.

जगभर पुसले काय गेले, याचाही एक नमुना दिसतो. नेत्यांची भाषणे, राष्ट्रीय समारंभ, शास्त्रीय संगीत यांना जपण्याची बुद्धी लवकर होते. हलकेफुलके विनोदी कार्यक्रम, मुलांचे, गृहिणींचे, शेतकऱ्यांचे कार्यक्रम फितीसकट पुन्हा वापरात जातात. बीबीसीने पीटर कुक आणि डडली मूर यांच्या विनोदी मालिकेचे कितीतरी भाग असेच घालवले. याचा समीक्षेवर थेट परिणाम होतो. जुने दूरदर्शन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संथ, सोज्वळ, थोडेसे गंभीर असे काही येते. ते तसे होतेही असेल. पण जे जपण्याजोगे वाटले तेच मागे राहिले, म्हणून ते तसे भासत असण्याची शक्यताही तितकीच आहे. विनायक चासकरांच्या 'गजरा'चे सगळे भाग समोर असते, तर त्या काळाची चेष्टेखोर बाजू आपल्या इतिहासात किती जागा घेती? निवड कपाटाने केली आणि अभिरुचीचे श्रेय आपण काळाला दिले.

माझा शोध फार लहान आहे. मी चांदीपला राहतो. कोणत्याही संस्थेचा शिक्का माझ्यामागे नाही. चांदीप, मांडवी आणि विरार या टापूत ओळखीपाळखीने घराघरांत विचारायचे, एवढीच माझी पद्धत. सगळ्यात उपयोगी पडले ते जुने व्हिडिओ शूटिंगवाले. त्यांच्याकडे चालू स्थितीतला व्हीसीआर असतो आणि कोणत्या घरी काय शूट केले हे त्यांना पाठ असते.

अशाच एका घरी लग्नाची कॅसेट मिळाली. लग्न १९९० च्या वैशाखातले. हळद, वरात, जेवणावळ असे सगळे संपले, पडद्यावर क्षणभर मुंग्या आल्या आणि मग एक मराठी बालनाट्य मध्येच सुरू झाले. चौदा मिनिटांनी नामावली वर सरकू लागली आणि तिसऱ्या नावावर फीत संपली. कारण उघड आहे. घरात आधी टीव्हीवरून घेतलेले काहीतरी होते, लग्नाला कोरी कॅसेट आणण्याऐवजी हीच वापरली. नवे चित्र उमटत जाते तसे आधीचे पुसले जाते. जिथे शूटिंग थांबले तिथून पुढे जुने शाबूत राहिले. त्या घरच्या मावशी म्हणाल्या, "दादा, मागचं ते टीव्हीचं राहू द्या. आमच्या सासूबाई हळदीत दिसतात, तेवढं नीट उतरवून द्या."

मावशींचे म्हणणे मला चूक वाटत नाही. त्यांच्या सासूबाईंचे हलते चित्र दुसरीकडे कुठेच नाही. पण त्या दिवसापासून फिती पुसणाऱ्या कचेऱ्यांवर रागावणे मला जमेनासे झाले. कचेरीने जे हिशेबापोटी केले तेच आपण घराघरांत मायेपोटी केले. दोन्हीकडे समज एकच : टीव्हीवरचे काय, ते रोज येतेच.

त्या चौदा मिनिटांनी मला शोधाची एक रीत शिकवली. लग्नाची तिथी ठाऊक असल्याने नाटुकल्याच्या मुद्रणाची अलीकडची मर्यादा ठरते. चित्र रंगीत आहे, म्हणून पलीकडची मर्यादा १९८२ च्या आसपास येते, कारण रंगीत प्रसारण आपल्याकडे त्या वर्षी आले. उरलेल्या आठ वर्षांसाठी वर्तमानपत्रांत रोज छापून येणारा दूरदर्शनचा कार्यक्रम पाहायचा. जुन्या फायलींतला तो चिमुकला चौकोन म्हणजे आपल्याकडची सर्वांत दुर्लक्षित सूची आहे. तो तारीखवार उतरवून काढला तर काय दाखवले गेले याची यादी होईल. यादी झाली की काय गेले ते मोजता येईल. हे काम कुणालाही करता येते. त्याला अनुदान लागत नाही, ग्रंथालयाचे सभासदत्व आणि चष्मा पुरतो.

१९८२ च्या आधीच्या कार्यक्रमांसाठी घरगुती व्हिडिओ शोधून फारसे हाती लागणार नाही. तेव्हा व्हीसीआर घरात नव्हता. टेपरेकॉर्डर मात्र होता. टीव्हीसमोर तो ठेवून गाणी, नाटुकली, कुणा नातेवाइकाची मुलाखत टिपणारी माणसे होती. 'डॉक्टर हू'च्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, तो अशाच हौशी मुलांमुळे. 'चिमणराव'चा एखादा भाग नुसता ऐकायला मिळाला, तरी निवेदकाच्या भाबडेपणाचे काय झाले या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळेल. शिवाय कागद आहेत : कलाकारांच्या घरच्या संहिता, करारपत्रे, प्रेक्षकांची पत्रे. 'ज्ञानदीप'ने तर गावोगाव प्रेक्षकांची मंडळे उभी केली. त्यांच्या वह्यांत कोणता कार्यक्रम पाहून काय चर्चा झाली हे सापडले, तर तो प्रेक्षकाचा समकालीन अभिप्राय ठरेल. आज लिहिलेल्या दहा आठवणींपेक्षा त्याचे मोल जास्त आहे.

वेळ मात्र थोडा आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई या अखेरच्या कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत जे फितीवरून उतरवले जाणार नाही त्यातले बहुतेक कायमचे जाईल. ते वर्ष येऊन ठेपले. आमच्याकडच्या पावसाळी हवेत तर कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी नुसत्या डोळ्यांनी दिसते. अशी कॅसेट यंत्रात घालू नये. फीत तुटते आणि यंत्राची हेडे खराब होऊन पुढच्या कॅसेटचेही नुकसान होते. ती कोरड्या जागी उभी ठेवावी, उन्हात वाळवू नये आणि हे काम जाणणाऱ्याकडे न्यावी. कॅसेटवर 'लग्न' किंवा 'बारसे' लिहिलेले असले तरी ती शेवटपर्यंत पाहावी.

आणि जे लिहितात त्यांना एक विनंती. दूरचित्रवाणीच्या जुन्या कार्यक्रमाविषयी लिहिताना एक ओळ अधिक लिहावी : मी याचे किती भाग पाहिले, केव्हा पाहिले, पुन्हा पाहता आले का. त्या ओळीने लेखाची गोडी कमी होणार नाही. उद्या कुणाला एखादा भाग सापडला, तर त्याच्याशी ताडून पाहायला आपल्या लेखात काहीतरी टिकाऊ असेल.